उताराचं देणं

घाट उतरून गाडी सपाटीला लागली की अण्णा ती कडेला घ्यायचे, दार उघडून उतरायचे आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे. हात उलटा करून पंजाची मागची बाजू चाकापाशी न्यायचे. टेकवायचे नाहीत, दोन बोटांचं अंतर राखायचे. आम्हाला ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची, तोही असाच उलटा. चारही चाकांशी बसून झालं की अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, "बरी आहे." गाडी बरी आहे, उतार बरा झाला की आपण सगळे बरे आहोत, याचा खुलासा त्यांनी कधी केला नाही.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. १९६६ची, दोन दारांची. इंग्लंडातल्या ट्रायम्फची ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१पासून इथं बनवायला घेतली. तिच्या अंगावरच्या रेघा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं काढलेल्या. इंजिन जेमतेम ९४८ सीसीचं. अण्णा मुंबईत ड्राफ्ट्समन होते. त्यांना रेघांची पारख होती आणि खिशाचीही, म्हणून १९७४ साली त्यांनी ती गिरगावातल्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. पहिल्याच मे महिन्यात ती आमच्या गावी पाचाडला आली तेव्हा निम्मी आळी अंगणात जमली होती. अण्णांनी बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. मडगार्ड, दिवे, अख्खं नाक पुढे कलंडतं आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. सुसरीनं आ वासावा तशी ती दिसली. कुणीतरी पोर म्हणालं, "ही रेसची गाडी!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. हिची धाकटी बहीण ट्रायम्फ स्पिटफायर, १९६२ची. हेराल्डचीच चॅसी आखूड करून तिच्यावर उघडं दोन माणसांचं अंग चढवलेलं. ती इंग्लंडात खरोखरीची स्पोर्ट्स कार म्हणून मिरवली. आमच्या हेराल्डकडे स्पिटफायरचा वेग नव्हता, पण वळायची लकब होती. साडेसात मीटरच्या घेरात गाडी फिरायची, म्हणजे आमच्या अंगणात तुळशीला वळसा घालून एका दमात बाहेर. फरक होता तो थांबण्यात. स्पिटफायरला जन्मापासून पुढे डिस्क ब्रेक मिळाले. आमच्या हेराल्डला चारही चाकांवर ड्रम. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती म्हणा. त्या काळी अँबॅसिडर काय, फिएट काय, सगळा देश ड्रमवरच थांबत होता.

पाचाडच्या माणसाला मात्र थांबण्याचा विचार करावाच लागतो. आमचं गाव रायगडाच्या पायथ्याशी आहे असं पुस्तकात छापतात, पण पायथा म्हणजे सपाटी नव्हे. महाडहून नाते, कोंझर करत यायचं तर कोंझरचा चढ चढावा लागतो, आणि परत जाताना तोच उतरावा लागतो. पुण्याला जायचं तर वरंध, महाबळेश्वरला जायचं तर पोलादपूरहून आंबेनळी, खेडला जायचं तर कशेडी. आता कशेडीला बोगदा झाला, पण आमच्या लहानपणी कुठल्याही दिशेला गेलं तरी घाट ठेवलेलाच. त्यातून इथला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. ड्रम ब्रेकचे शत्रू दोनच, ताप आणि पाणी. दोन्ही आमच्याकडे मुबलक.

ड्रम समजायला सोपा. चाकाबरोबर फिरणारं लोखंडी पातेलं, त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांना लायनर लावलेले. पेडल दाबलं की ब्रेक ऑईल शूंना बाहेर ढकलतं आणि ते पातेल्याला आतून घासतात. यात एक गंमत आहे. पातेलं ज्या दिशेला फिरतं त्या दिशेचा शू त्या फिरण्यानंच पातेल्यावर आणखी घट्ट ओढला जातो, दाराखाली पाचर सरकावी तसा. म्हणून ड्रमला पाय हलका लागतो. पण लोखंड तापलं की फुगतं. पातेलं फुगलं की ते शूपासून लांब जातं, पेडल जास्त खोल जातं, आणि तापलेले लायनर धरायचं सोडून गुळगुळीत सरकायला लागतात. पाणी शिरलं तर ते आतच राहतं. काळ नदीच्या फरशीवरून पाण्यातून गाडी काढली की अण्णा पुढचे दोनशे मीटर डाव्या पायानं ब्रेक किंचित दाबून चालवायचे. "सुकवतोय," म्हणायचे, जणू दोरीवर कपडे घातलेत.

उतारावर गाडीला काय होतं ते मला कळलं १९७९च्या मे महिन्यात, वयाच्या नवव्या वर्षी.

महाबळेश्वरहून आंबेनळीनं खाली येत होतो. पुढे अण्णा आणि आई, मागे मी, बहीण आणि स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटल्यांचा खोका. प्रतापगडचा फाटा मागे पडला. मागच्या एसटीचा हॉर्न वाजत होता म्हणून अण्णांनी नेहमीपेक्षा जरा जोरात घेतली होती. एका वळणाआधी त्यांनी पाय दाबला आणि त्यांचा खांदा खाली गेला. एवढंच मला दिसलं. पाय रिकाम्या जागेत पडल्यावर माणसाचा जसा खांदा पडतो, तसा. ते ओरडले नाहीत. दोनदा भरभर पेडल मारलं, डावा हात गिअरवर गेला, तिसऱ्यातून दुसरा पडताना इंजिन किंचाळलं, मग हँडब्रेक. हेराल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, चालत्या गाडीत तो घालायचा तर मध्येच ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन दाते जुळवावे लागतात. अण्णांनी ते केलं. आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दगडांवर खडखडत ती थांबली. आईनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं, आम्हाला मोजल्यासारखं. दोनच तर होतो.

चाकांतून जळक्या पोत्यासारखा वास येत होता. अण्णा मैलाच्या दगडावर बसून राहिले. तासाभरानं त्यांनी पेडल दाबून पाहिलं, तर ते परत आलं होतं! टणक, जसं सकाळी होतं तसं. काही मोडलं नव्हतं, काही गळलं नव्हतं. लहानपणी मला तो चमत्कार वाटला. बाईच्या वेशातलं भूत पेडल घेऊन गेलं आणि आणून ठेवलं, असं मी शाळेत सांगितलंही.

भूत पाण्याचं होतं. ब्रेक ऑईल हे नावाला ऑईल. ते हवेतला दमटपणा पिऊन घेतं, रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं. डॉट ३ जातीचं ताजं ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी १४० अंशांवर येते. कोकणातले दोन-तीन पावसाळे प्यायलेलं ऑईल घाटात तापलेल्या ड्रमजवळ आलं की उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल साळसूदपणे वर येतं.

इतका ताप येतो कुठून? हा हिशेब मी कॉलेजात गेल्यावर केला आणि तेव्हापासून मला घाट वेगळा दिसायला लागला. माणसं, सामान धरून गाडी हजार किलोची समजा. ताशी ६० किलोमीटर वेगात ती पूर्ण थांबवायची तर ब्रेकांत जेवढी उष्णता तयार होते, तिच्यावर चार कप चहाचं पाणी उकळेल. फार नाही. पण महाबळेश्वर ते पोलादपूर आपण साधारण १,३०० मीटर खाली येतो. ती सगळी उंची उष्णता होऊन बाहेर पडते. तिच्यावर ४० लिटर पाणी उकळीला येईल, म्हणजे तांब्याचा आमचा बंब दोनदा. बंब पेटवायला आई पहाटे शेणी, चिपाडं, नारळाच्या सोडणांचा ढीग लावायची. तेवढं जळण चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात कुठं ना कुठं खर्च झालंच पाहिजे. काही वाऱ्याला जातं, काही टायरांना. उरलेलं इंजिन घेईल किंवा ब्रेक घेतील. चढताना पेट्रोल जाळून जी उंची विकत घेतली, तिचं देणं उतरताना फेडायचं असतं, आणि ते कोणाच्या हातून फेडायचं एवढंच ड्रायव्हरच्या हाती असतं.

त्या दिवसानंतर अण्णांनी दोन गोष्टी कायमच्या लावून घेतल्या. ब्रेक ऑईल दरवर्षी बदलायचं, तेही खंडेनवमीला. पावसाळा सरलेला असतो, हत्यारं पुजायला बाहेर काढलेलीच असतात. पाने, स्क्रू ड्रायव्हर, टी-स्क्वेअर यांच्या रांगेत ब्रेक ऑईलच्या डब्यालाही झेंडूचं फूल मिळायचं. आणि दुसरी गोष्ट, घाटातल्या सगळ्या ड्रायव्हरांची, पण अण्णांच्या तोंडी ती घरचा कुळाचार असल्यासारखी यायची: "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर." शिवाय हेराल्डपुरतं एक पोटकलम होतं. हिची मागची चाकं अशी बसवलेली की भर वळणात ब्रेक मारला किंवा ॲक्सिलरेटर झटकन सोडला तर बाहेरचं चाक आत दुमडतं आणि मागची बाजू झोका घेते. म्हणून, "काय लावायचा तो ब्रेक वळणाच्या आधी. वळणात पाय शहाण्यासारखा ठेवायचा."

अण्णा गेले आणि मी पुण्यातली नोकरी संपवून पाचाडला परत आलो. गाडी पडवीत होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न ब्रेकचाच आला. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी सरकारनं २०२१ साली व्हिंटेजचे नियम केले. त्यांत चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं असं आहे. पण व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. मला तर ती घाटात न्यायची होती. मग ती घाटाला पुरी पडली पाहिजे. दुसरीकडे मन म्हणत होतं, अण्णांनी ३५ वर्षं ड्रमवर चालवली, तू कोण मोठा लागून गेलास? जुनी वस्तू आहे तशी ठेवण्यात एक भाबडं पुण्य वाटत असतं.

महाडच्या मेकॅनिक चाचांनी ते पुण्य दोन वाक्यांत निकालात काढलं. चाचांनी उमेदवारीच्या काळापासून या गाडीला हात लावलेला. ते म्हणाले, "भाऊ, तुमचे अण्णा उतरायचे तेव्हा रस्त्यावर त्यांच्या पुढे-मागे पण ड्रमवाल्याच गाड्या होत्या. आता पुढची गाडी जागच्या जागी थांबते आणि तुम्ही तिच्या डिकीत जाता." गोष्ट खरी होती. ब्रेक हा एकट्याचा नसतोच, तो रस्त्यावरच्या बाकीच्यांच्या ब्रेकशी जुळावा लागतो. आणि आमच्या भागात या विषयावर कुणी हौस म्हणून बोलत नाही. २८ जुलै २०१८ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली. ३० माणसं गेली, एक वाचला. त्यानंतर कित्येक महिने पोलादपूरच्या नाक्यावर घाटाचं नाव निघालं की बोलणं थांबायचं.

तसं पाहिलं तर ब्रेक सुधारणं हे मोटारीइतकंच जुनं आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली गाडी घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास तो. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिनं वाटेतल्या गावातल्या मोच्याकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. पहिला लायनर माहेरी निघालेल्या बाईनं बसवला! डिस्कची कल्पनाही तशी जुनीच. लँचेस्टर नावाच्या इंग्रजानं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं, पण तांब्याचे पॅड इतके कर्कश ओरडायचे की ती बाजूला पडली. पुढे १९५३ साली ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क लावून जिंकली. बाकीच्यांचे ड्रम रात्रभरात दमले, हिची डिस्क सकाळीही तशीच धरत होती. कारण साधं. डिस्क उघड्यावर असते. वारा लागतो, पाणी उडून जातं, आणि तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेनंच फुगते, लांब जात नाही.

काम सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, चाचा आधी डिस्क मागतील. ते म्हणाले, "डिस्क नंतर. आधी दोन लाइनी करू." हेराल्डचा मास्टर सिलिंडर एकेरी. चारही चाकांना एकच पाइपलाइन, कुठं एक नळी फुटली की चारही चाकं गेली. चाचांनी दुहेरी सिलिंडर बसवला, पुढच्यांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तर दुसरी उरावी. मग त्यांनी पुढची जुनी रबरी नळी काढली आणि ब्लेडनं आडवी कापून माझ्या हातात दिली. बाहेरून ती धडधाकट होती. आत रबर सुजून भोक सुईच्या टोकाएवढं उरलेलं. "हे बघा. पायाच्या जोरानं ऑईल जातं, परत यायला कुणी जोर लावत नाही. मग चाक धरून राहतं आणि तुम्ही म्हणता, गाडी ओढत नाही." टाकीतलं ऑईल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. खंडेनवमी चुकल्याची ती पावती होती.

पुढच्या चाकांमागचा उभा सांधा स्पिटफायरचा आणला की डिस्क आणि कॅलिपर त्यावर सरळ बसतात. दोघी बहिणी असण्याचा हा फायदा. इंग्लंडात राहणाऱ्या भाच्यानं ते सगळं सुटकेसमध्ये स्वेटरांत गुंडाळून आणलं. विमानतळावर अधिकाऱ्यानं एक्स-रेत दोन लोखंडी गठ्ठे बघून विचारलं, हे काय? हा म्हणाला, "मामाच्या गाडीचे ब्रेक." त्यानं भाच्याकडे नीट पाहिलं आणि सोडून दिलं. मागे ड्रमच ठेवले. ब्रेक लागला की गाडी नाक खाली करते, वजन पुढे येतं, खरं काम पुढच्या चाकांनाच पडतं. शिवाय हँडब्रेकची तार मागच्या ड्रमलाच जाते, आणि १९७९पासून त्या तारेबद्दल आमच्या घरात कृतज्ञता आहे. जुने लायनर काढताना चाचांनी आधी पाणी मारलं. "पूर्वी फुंकर मारायचो. ॲस्बेस्टॉस असायचं त्यात, कुणाला ठाऊक होतं?"

शेवटचं काम लाइनीतली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाखाली. माझी लेक पुण्याहून आली होती, तिला पेडलवर बसवलं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक काचेच्या बाटलीत, बाटलीत तळाला नवं ऑईल. गाडीखालून चाचांचा आवाज यायचा, "दाब." लेक दाबायची. "धर." निपल पाव आटा सैल व्हायचा, नळीतून बुडबुडे निघायचे, पेडल हळूहळू खाली जायचं. निपल बंद. "सोड." पुन्हा दाब, धर, सोड. आधी भसाभस फेस, मग एखाददुसरा मोहरीएवढा बुडबुडा, मग नुसतं पिवळसर निवळ ऑईल. चार चाकांना दोन तास गेले. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आता दगडावर पाय ठेवल्यासारखं लागतंय." चाचा खालूनच म्हणाले, "तेच पाहिजे."

नात्याच्या सपाट रस्त्यावर पॅड बसवून घेतले आणि नोव्हेंबरात भोरला जाऊन वरंधानं उतरलो. वाघजाईपाशी थांबलो, देवीला हात जोडले, भजी खाल्ली. इथवर सगळं अण्णांसारखं. पुढचं मात्र माझं. नवा ब्रेक इतका नेमका धरत होता की पायाला चटक लागली. टॉप गिअरमध्ये गाडी सोडायची, वळण आलं की दाबायचं, सुटली की पुन्हा सोडायचं. दुसऱ्या गिअरच्या रडण्यापासून इंजिन सुटलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला तरुण केल्याचा कैफ मला चढला होता. माझेरीला पोचेपर्यंत लेक दोनदा म्हणाली, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, नवे पॅड आहेत.

खाली सवयीनं उतरलो, चाकाशी बसलो, हात उलटा केला. दोन बोटांचं सोडा, वीतभर अंतरावरच हात मागे आला. तव्यावर भाकरी टाकताना लागते तशी झळ. पेडल टिकलं ते डिस्क होती म्हणून, आणि ऑईल कोरं होतं म्हणून. ड्रम असते तर तो मैलाचा दगड मला पुन्हा भेटला असता.

चाचांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मी तुम्हाला ब्रेक वाढवून दिला, तुम्ही तो पहिल्याच दिवशी खर्च करून आलात."

पुढे वाचनात आलं की हे जर्मनीत मोजलेलं आहे. १९८०च्या दशकात म्यूनिकच्या टॅक्सींवर एक प्रयोग झाला. काहींना चाकं न घसरू देणारे एबीएस ब्रेक, काहींना साधे. अपघात एबीएसवाल्यांचे कमी व्हायला हवे होते. झाले नाहीत. ते ड्रायव्हर अधिक जोरात घेऊ लागले, वळणं अधिक कापू लागले. यंत्रानं दिलेली सुरक्षा माणसानं वेगात मोडून खाल्ली. वरंधात मी तेच केलं होतं, वर त्याला सुधारणा म्हणत होतो.

त्या आठवड्यात रायगडावर चढून गेलो. रोपवे १९९६पासून आहे, पण पाचाडच्या माणसाला तो पाहुण्यांसाठी वाटतो. उतरताना पायऱ्या मोजत नव्हतो, गुडघे मोजत होते. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की जातो. उतार दुसऱ्या दिवशी सकाळी वसूल करतो. गुडघ्याला खाली येतानाचं प्रत्येक पाऊल थांबवावं लागतं, तेवढाच काय तो फरक. याच गडाच्या कड्यावरून हिरकणी रात्रीची उतरली ही गोष्ट आमच्याकडे पोरांना दुधाबरोबर पाजतात, पण ती वर कशी चढली ते कुणी सांगत नाही. चढण्याची गोष्ट होत नाही, गोष्ट उतरण्याचीच होते. जिजाऊंना गडावरचा वारा सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला. १६७४च्या जूनमध्ये गडावर राज्याभिषेक झाला आणि बाराव्या दिवशी खाली, आमच्या गावात, त्यांनी देह ठेवला. वाड्यातल्या तक्क्याच्या विहिरीच्या दगडाला टेकून मी गुडघे चोळत बसलो तेव्हा मनात आलं, अण्णांचा खरा ब्रेक चाकात नव्हताच. ड्रमचा भरवसा नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते आधीच गिअर पाडायचे, आधीच कान देऊन इंजिन ऐकायचे, खाली आल्यावर हात लावून बघायचे. एक कच्चं यंत्र आणि एक पक्की धास्ती, अशी ती जोडी होती. मी यंत्र पक्कं केलं ते बरोबरच केलं. धास्तीही काढून चाचांच्या भंगारात टाकली, तिथं चुकलो.

डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो. परत येताना लेक म्हणाली, मी चालवते. प्रतापगडचा फाटा मागे पडला तेव्हा मी अण्णांचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण तिनं त्याआधीच गिअर पाडला होता. इंजिन रडायला लागलं. मला तो आवाज बरा वाटला, आपलं देणं कुणीतरी दुसरं फेडत असल्यासारखा. वळण दिसलं की ती त्याच्या आधी पाय लावायची आणि वळणात सोडून द्यायची. मागे एका टेम्पोचा हॉर्न वाजत होता. जागा मिळाली तिथं तिनं गाडी कडेला घेऊन त्याला जाऊ दिलं.

पोलादपूरला खाली उतरून मी पुढच्या चाकाशी बसलो. हात उलटा धरला, दोन बोटं. मग मागे गेलो. मागचे ड्रम अण्णांच्याच वेळचे, लेथवर एकदा साफ केलेले. पुढे नवी डिस्क, मागे जुना ड्रम. दोन्हीकडून हाताला कोमट ऊब लागली, भाकरीचा तवा उतरवून तासभर झाल्यावर असावी एवढीच.

"काय म्हणतेय?" लेकीनं खिडकीतून विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठलो.